अडकलेले पार्सल

आज सकाळी कोल्हापूरहून दादाचा फोन आला. मी बँकॉकहून दिवाळीसाठी पाठवलेले पार्सल कस्टम्सने अडवले असून खुलासा मागणारे पत्र त्याच्या नावावर घरी आले आहे. पार्सलमध्ये रात्रबाजारातून घासाघीस करून घेतलेली, एकाच नामांकित कंपनीची बारा घड्याळे होती. ती नकली आहेत हे मला ठाऊक होते. बाबांच्या घड्याळाच्या तबकडीवरचे नाव जरा तिरके छापलेले मी बांधताना पाहिलेही होते. तरीही टपालाच्या फॉर्मवर ‘भेटवस्तू’पुढे खूण करून किंमत किरकोळ लिहिली.

दिवसभर नियम वाचत बसलो. आयात मालातील बौद्धिक संपदा हक्कांसंबंधीच्या २००७ च्या नियमांनुसार, ट्रेडमार्कच्या मालकाने कस्टम्सकडे नोंदणी केली असेल, तर संशयित माल रोखून धरता येतो आणि नकली ठरल्यास नष्ट करता येतो. वैयक्तिक वापराच्या लहान, बिगरव्यापारी पार्सलांना त्यातून सूट आहे; पण एकसारखी बारा घड्याळे घरच्या वापरासाठी आहेत, हे दादाने कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंवरची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली.

मनाला सर्वांत लागते ते हे, की चूक माझी असूनही उत्तर दादाला द्यावे लागणार आहे, कारण पार्सल त्याच्या नावावर आले. वहिनी तर फोनवर बोललीच नाही. घड्याळांवरचा हक्क सोड आणि खरे तेच लिही, असे मी त्याला सांगितले. खरेदी आणि किंमत दोन्ही माझीच, अशी लेखी कबुली आत्ताच ईमेलने पाठवली आहे.