हाताने पाहायची कोंबडी

सिल्की कोंबडी पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हात आपोआप तिच्या पाठीवर जातो. तेराव्या शतकात मार्को पोलोने मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलं, ते याच जातीबद्दल असावं असं मानतात. इंदूरकराला तिच्या काळेपणाचं फारसं नवल वाटू नये. झाबुआचा कडकनाथ आपल्या दारातलाच, 2018 साली भौगोलिक मानांकनही मिळालेला. सिल्कीची कातडी, हाडं, मांस काळं, आणि कडकनाथचंही. दोघांच्या काळेपणामागे एकाच प्रकारचा जनुकीय फेरफार आहे. वेगळी आहेत ती केसांसारखी मऊ पिसं, कानाखालचे निळसर ठिपके आणि चारऐवजी पाच बोटं.

याच काळेपणाने आणि याच पिसांनी सिल्की पाळणाऱ्याची पंचाईत होते. साध्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो. तो फिका पडला की रक्त कमी झालं, जांभळा पडला की छातीत काहीतरी बिघडलं, हे लांबूनही कळतं. सिल्कीचा तुरा मुळातच पिकल्या तुतीच्या रंगाचा गोळा, तो काय फिका पडणार? आजारी कोंबडी पिसं फुलवून बसते म्हणावं, तर ही बारा महिने फुललेलीच. शिवाय अशक्त दिसणाऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचतात, म्हणून कुठलीही कोंबडी शेवटपर्यंत दुखणं लपवते. सिल्की मलूल दिसायला लागली, तोवर बहुतेक वेळा चार दिवस उलटून गेलेले असतात.

म्हणून ही कोंबडी डोळ्यांनी पाहून भागत नाही, हाताने पाहावी लागते. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी ती खुराड्यात गेल्यावर उचलायची. पिसांच्या आत बोटं घालून छातीचं मधलं हाड चाचपायचं. दोन्ही बाजूंना भरीव मांस लागलं तर ठीक, हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर ती बरेच दिवस नीट खात नाहीये. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक टोपली घेतली की वजनाचं काम होतं. मादी एक किलोच्या आसपास भरते. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, मागच्या आठवड्यापेक्षा शंभर ग्रॅम कमी भरली तर मात्र कान टवकारायचे. अंग गरम लागलं म्हणून तापाचं औषध शोधू नये, कोंबडीचं नेहमीचं तापमानच 41 अंशांच्या आसपास असतं.

मग गळ्याखालची खाद्याची पिशवी. ती रात्री भरलेली आणि सकाळी दाणे टाकायच्या आधी रिकामी असायला हवी. सकाळीही कडक गोळा लागला तर लांब गवत किंवा दोरा अडकलेला असतो. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला, तर आत बुरशी वाढली आहे. अशा कोंबडीला उलटं धरून पिशवी पिळून काढायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. वर आलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी हातातच जाते. औषध किंवा पाणी पाजतानाही हेच लक्षात ठेवायचं. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, म्हणून चोच उघडून ओतायचं नाही, चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा आणि तिला गिळू द्यायचं.

विष्ठा पाहायला कुणाला आवडत नाही, पण निम्मं निदान तिथेच होतं. वर पांढरी टोपी असलेली विष्ठा अगदी नेहमीची. मधूनच एखादी तपकिरी, चिकट आणि भयंकर वासाची पडते, तीही नेहमीचीच, उगाच जुलाबाचं औषध सुरू करू नये. हिरवी आणि पातळ म्हणजे पोट रिकामं आहे. रक्त दिसलं, आणि पक्षी तीन ते आठ आठवड्यांचा असला, तर रक्ती हगवण धरून चालायचं आणि त्याच दिवशी पशुवैद्याला विचारून अँप्रोलियम पाण्यातून सुरू करायचं. उद्या बघू म्हटलं की उद्या दोन पिल्लं कमी असतात.

माळव्याच्या पावसाळ्यात ही हगवण फार. कारण ओल. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणाऱ्या आकड्याच नसतात, त्यामुळे पाणी ओघळून जात नाही, थेट कातडीपर्यंत मुरतं. पायांवरही पिसं, आणि खाली आपली काळी माती! बोटांभोवती चिखलाचे गोळे बसतात, वाळून दगड होतात आणि आतलं बोट आवळलं जातं. ते ओढून काढायचे नाहीत. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं भिजवायचे, बोटांनी चुरत सोडवायचे आणि पूर्ण कोरडं करूनच आत सोडायचं. जूनच्या आधीच खुराड्याची जमीन वीतभर उंच केली आणि त्यावर सुताराकडचा रंध्याचा भुसा पसरला, तर निम्मी दुखणी दाराबाहेर राहतात. आत वाकल्यावर नाकाला झोंबलं, की भुसा बदलायची वेळ टळून गेली आहे असं समजावं. बसायची दांडी मात्र फूटभरच उंच हवी, हिला उडता येत नाही.

आता मान. सिल्की पाळणाऱ्याची झोप उडवणारं दुखणं हेच. पक्ष्याची मान वाकडी होते, डोकं पाठीवर टेकतं किंवा दोन पायांच्या मधे जातं, आणि तो गोल फिरत पडतो. पाहणारा लगेच म्हणतो, मानमोडी. मानमोडी म्हणजे राणीखेत, तो असू शकतो, विशेषतः लस दिलेली नसेल आणि इतरही पक्षी शिंकत, धापा टाकत असतील तर. पण एकच सिल्की अशी झाली असेल, तर कारण बहुधा तिच्या डोक्यातच असतं. शेंडीखाली कवटी वर फुगलेली असते आणि पुष्कळांत तिथलं हाड पूर्ण मिटलेलंच नसतं. मोठ्या कोंबड्याची एक चोच बसली की थेट मेंदूला मार. म्हणून सिल्कीला गावठी किंवा कडकनाथ नरासोबत ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. ई आणि बी-1 जीवनसत्त्वांच्या कमतरतेनेही मान अशीच फिरते. केमिस्टकडची चारशे युनिटची हिरवी ई कॅप्सूल टोचून चोचीला थेंब लावायचे, बी-1 द्यायचं, उकडलेल्या अंड्याचा बलक भरवायचा. उतार पडायला आठवडे लागतात, आणि मधल्या काळात तिला स्वतः खाता येत नाही म्हणून ती उपाशी मरते, मानेमुळे नव्हे. दिवसातून चार-पाचदा हाताने भरवायची तयारी हवी. एक मेख आहे. अँप्रोलियम बी-1च्या विरोधातच काम करतं. हगवणीचं औषध चालू असताना बी-1 दिलं तर दोन्ही वाया.

एक पाय पुढे आणि एक मागे पसरून बसली, तर मात्र मॅरेक्स या विषाणूच्या रोगाची शंका घ्यावी. सिल्कीला तो लवकर धरतो, त्याला औषध नाही, आणि त्याची लस पिल्लू एका दिवसाचं असतानाच द्यायची असते. पक्षी विकत घेताना बाकी काही विचारलं नाही तरी हे विचारावं.

आजारी पक्ष्याला वेगळं काढायचं, पण पिंजरा एका बाजूनेच उबदार ठेवायचा, 28 ते 30 अंश, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. ताटातूट लांबली की परतल्यावर तिला नवखी समजून टोचतात, म्हणून संसर्गाची भीती नसेल तर बाकीच्या दिसतील अशा जागी ठेवावं. इंदुरात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, एकट्या कोंबडीवर वेळ घालवणारा मिळणं कठीण. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी जवळ पडतं. पक्षी मेला तर तिथे शवविच्छेदनाची चौकशी करावी. देह पिशवीत बांधून बर्फावर ठेवायचा, गोठवायचा नाही, गोठवला की आतल्या खुणा पुसल्या जातात. लागोपाठ दोन-तीन मेल्या तर मात्र हात न लावता आधी पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. डिसेंबर 2020 च्या अखेरीस डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच5एन8 विषाणू निघाला होता, हे शहर इतक्यात विसरलेलं नसावं.

आणि या सगळ्यात खोटी घंटा वाजवते ती खुडूक कोंबडी. खात नाही, हलत नाही, हात घातला की फुत्कारते, दिवसातून एकदाच उठून ढीगभर घाण टाकते. आजारी नाही, तिला अंडी उबवायची आहेत. सिल्की वर्षाला जेमतेम शंभरेक अंडी देते, त्यांत उरलेला वेळ खुडूक बसण्यात जातो. पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवायचं, पोटाखालून वारा खेळला की वेड उतरतं. दाणापाणी तिथेच. हवी असतील तर कडकनाथची अंडी आणावी, कारण कडकनाथची मादी स्वतः उबवायचा कंटाळा करते. पाच-सहा अंडी, सगळी एकाच रात्री खाली सरकवायची. सातव्या दिवशी मोबाइलच्या उजेडात शिरा न दिसणारी काढून टाकायची. बसण्याआधी तिच्या शेपटीखाली उवा आहेत का ते पाहायचं, बसून राहिलेल्या कोंबडीवर त्या भराभर वाढतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली की पाणी उथळ झाकणात द्यायचं आणि त्यात खडे टाकायचे, नाहीतर बुडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतच्या लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात. कुपी किमान शंभर पक्ष्यांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आसपास आणखी कोण कोंबड्या पाळतं ते आधीच विचारून ठेवावं.