मुलाच्या नावाची नोटीस

नोटीस मुलाच्या नावाने निघाली होती. मुलगा हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरीला, आणि गावाच्या लेखी तेवढा पुरावा पुरेसा होता. ठेकेदाराच्या तक्रारअर्जात म्हटलं होतं, 'सदर इसम हा ब्लॉगर असून इंटरनेटवर अर्जदाराची व नगरपरिषदेची बदनामी करीत आहे, तरी त्याच्यावर आयटी ॲक्ट कलम ६६अ प्रमाणे कारवाई व्हावी.' शनिवारी सकाळी पोलीस ठाण्यात हजर राहायचं होतं. शुक्रवारी रात्री त्याचा मला फोन आला. "ताई, मी यातली एक ओळही लिहिलेली नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "कुणी लिहिलंय ते मला माहीत आहे. पण ते मी पोलिसांना सांगणार नाही."

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. ज्यांची ही हकीकत आहे त्यांच्या परवानगीने, गावाचं आणि माणसांचं नाव न घेता लिहिते आहे.

हा ब्लॉग गावात सगळ्यांना माहीत होता. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. महिन्यातून एखाद-दुसरा लेख यायचा, आणि त्यात फक्त नगरपरिषदेचा कारभार असायचा: टेंडरं, बिलं, घनकचऱ्याचा ठेका, पाणीपट्टीची थकबाकी. नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक बसला होता. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची तेव्हा हीच अवस्था होती. सर्वसाधारण सभाच नाही, तर प्रश्न विचारणार कोण आणि कुठे? त्या काळात नगरपरिषदेचे कागद वाचून ते चार लोकांना समजतील अशा मराठीत मांडणारं गावात दुसरं काहीही नव्हतं.

लोक ते लेख व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवायचे आणि खाली एकच चर्चा चालायची, हा आहे कोण? आकडेमोड आहे म्हणजे इंजिनिअर असणार. कलमं आहेत म्हणजे वकील. काहींनी माझ्याकडेही बोट दाखवलं होतं. आतली माहिती आहे म्हणजे नगरपरिषदेतला निवृत्त कारकून. अमक्या गटाच्या काळातली बिलं काढली म्हणजे तमक्या गटाने पोसलेला पोरगा. निवडणुकीच्या हंगामात माईक घेऊन फिरणारी आणि पाकीट मिळेल तशी बातमी फिरवणारी पोर्टलं गावाने पाहिलेली आहेत. त्यामुळे पदरचे पैसे घालून कुणी लिहीत असेल, हे लोकांना पटत नव्हतं.

भांडण पेटलं ते नालेसफाईच्या लेखावरून. माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात तिच्या, नकला काढलेल्या होत्या. जुन्या पेठेतल्या एका बोळातली गटारं जेसीबीने साफ केली असं त्यात नोंदवलेलं, यंत्राचे तास लावलेले आणि बिल अदा झालेलं. लेखात बोळाची रुंदी दिली होती, तीन ठिकाणी टेप लावून घेतलेली. सर्वांत रुंद जागी साडेसहा फूट. जेसीबी सात फुटांहून रुंद असतो. पुऱ्या लेखात एकही विशेषण नव्हतं. शेवटी फक्त प्रश्न होता: यंत्र आत गेलं कसं?

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून ठेकेदार पोलिसांत गेला.

हे सगळं २०२४ च्या पावसाळ्यातलं. नवे फौजदारी कायदे १ जुलैला लागू झाले होते आणि वकील, पोलीस, कोर्टातले कारकून असे आम्ही सगळेच जुन्या-नव्या कलमांचा तक्ता जवळ बाळगून होतो. मुलाला मिळालेली नोटीस मात्र जुन्याच छापील नमुन्यावर होती, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची.

पोलीस निरीक्षक सभ्य होते. "मॅडम, साधी चौकशी आहे. पोराने लेख काढून टाकावा, पासवर्ड द्यावा, पुन्हा लिहिणार नाही असं लिहून द्यावं. विषय संपला."

मी एकेक मुद्दा घेतला. इंटरनेटवर आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. ते प्रकरण ज्या अटकेवरून उभं राहिलं ती आपल्या राज्यातलीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून झालेली. तरीही ठाण्याठाण्यात हे कलम लागतच राहिलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. राहिली १४९ ची नोटीस. नव्या संहितेत ते कलम १६८ झालं आहे, पण जुनं असो की नवं, ते दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस ज्यात तपास करू शकतात असा, गुन्हा घडू नये यासाठी आहे. बदनामी अदखलपात्र आहे. ज्याला आपली बदनामी झाली असं वाटतं त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे फिर्याद द्यायची असते.

निरीक्षकांनी ऐकून घेतलं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "ते ठीक आहे. पण लिहितोस की नाही, एवढं सांग."

मुलगा गप्प. पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचं होतं, कंपनीला कळलं तर काय, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तो बोलला नाही.

तेवढ्यात बाई आल्या, मुलाची आई. गावातल्या निम्म्या बायका कन्याशाळेत त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत, मीसुद्धा. मराठी आणि इतिहास शिकवायच्या. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. निरीक्षक उठून म्हणाले, "या, बसा. काळजी करू नका आई, पोराला काही करत नाही आम्ही."

बाईंनी कापडी पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली. "साहेब, लेख मी लिहिलाय. सगळेच मी लिहिलेत."

खोलीतल्या एकाचाही विश्वास बसला नाही. निरीक्षक समजुतीच्या स्वरात म्हणाले, "आई, पोराला वाचवायला असं अंगावर घेऊ नका." हवालदारांनी विचारलं, "बाई, तुम्हाला ब्लॉग म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" मी बाईंना हळूच म्हटलं की बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावताच येत नाही, नव्या संहितेचं कलम १७९ आहे, तुम्ही घरी जा. "मला बोलावलेलं नाहीच गं कुणी," त्या म्हणाल्या. "मी माझ्या पायांनी आलेय."

माझ्या वकिलीत आरोप नाकारणारी माणसं रोजची आहेत. लिहिणारी व्यक्ती मीच आहे, हे एका बाईला पोलिसांपुढे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आणि त्यांनी ते सिद्ध केलं. फोनवर ब्लॉगचं खातं उघडून अर्धवट राहिलेले मसुदे दाखवले. मग वही काढली. त्या आधी वहीत लिहायच्या, खाडाखोड करायच्या आणि मग फोनवर एका बोटाने टाईप करायच्या. पण सर्वांत बोलका पुरावा फाईलमध्ये होता: माहिती अधिकाराचे अर्ज. प्रत्येकावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, खाली बाईंची सही, वर नगरपरिषदेचा आवक शिक्का. दोन रुपये पानाप्रमाणे नकलांचे पैसे भरल्याच्या पावत्या. एका अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून केलेलं पहिलं अपील.

म्हणजे त्यांचं नाव नगरपरिषदेच्याच रजिस्टरात पडून होतं. ज्या दिवशी बोळाच्या एमबीची नक्कल दिली, त्या दिवशीची पोच बाईंच्या नावाची होती. कुणीही आवक बारनिशी उघडली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण शोध चालला होता लॅपटॉपवाल्या पोराचा. खिडकीवर येणाऱ्या या म्हाताऱ्या बाई पेन्शनच्या कागदासाठी हेलपाटे घालतात, असंच तिथल्या लोकांनी धरलं होतं.

निरीक्षक बराच वेळ फाईल चाळत राहिले. मग म्हणाले, "पण बाई, तुम्ही पत्रकार नाही ना? तुमच्याकडे कार्ड नाही. मग हे कोणत्या अधिकारात लिहिता?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर जाणून घ्यायला विचारला होता, म्हणून मीही सविस्तर उत्तर दिलं. आपल्या राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदात वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेखच नाही. तो का नाही असा आक्षेप संविधान सभेत आला, तेव्हा डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की नागरिकाला नाही असा कोणताही खास हक्क वृत्तपत्राला नसतो. संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच. ज्यांनी स्वतः वृत्तपत्रं काढली, चालवली, त्या माणसाचं हे उत्तर आहे. सरकारची अधिस्वीकृती पत्रिका पत्रकारांना काही सोयी देते. लिहिण्याचा परवाना ती देत नाही, कारण असा परवाना आपल्याकडे नाहीच. माहिती अधिकाराचा कायदाही तसाच: अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही, नागरिक असणं पुरेसं.

ही बाजू मी जितक्या जोराने मांडते तितक्याच जोराने दुसरीही सांगायला हवी. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध विधिमंडळाने २०१७ साली जो कायदा मंजूर केला, त्याचं संरक्षण पत्रकारिता हा मुख्य व्यवसाय असणाऱ्या, माध्यमसंस्थेत काम करणाऱ्या माणसाला आहे. उद्या कुणी बाईंच्या दारावर दगड मारला तर तो कायदा त्यांच्या कामाला येणार नाही. हक्क नागरिकाचा आणि छत्री फक्त ओळखपत्रवाल्याला, ही फट मला फार अस्वस्थ करते.

"कुणाच्या गटातल्या तुम्ही?" हा निरीक्षकांचा पुढचा प्रश्न. बाईंनी फोनवर दोन जुने लेख काढून दिले, एक एका गटाच्या सत्तेतला, एक दुसऱ्याच्या. नाव का घातलं नाही, असंही निरीक्षकांनी विचारलं. "नाव घातलं असतं तर लोक माझ्यावर बोलले असते," बाई म्हणाल्या. "मला बोळावर बोलायला हवं होतं."

तेव्हा बराच वेळ गप्प असलेले हवालदार बोलले. "साहेब, माझी सासुरवाडी त्याच आळीत आहे. तिथं बुलेट वळवायची तर उतरून वळवावी लागते."

बाईंचा जबाब नोंदवला गेला, मुलाला जायला सांगितलं आणि ठेकेदाराला न्यायालयात दाद मागण्याची समज देऊन अर्ज निकाली निघाला. पुढे ठेकेदाराच्या वकिलाकडून बाईंच्या नावाने नुकसानभरपाईची नोटीस आली. तिला मी सविस्तर उत्तर दिलं. सार्वजनिक दस्तऐवजात जे आहे ते प्रसिद्ध करण्याला हरकत घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ऑटो शंकर प्रकरणात सांगितलं आहे. सोबत एमबीची नक्कल आणि बोळात टेप धरून काढलेले फोटो जोडले. त्यानंतर तिकडून काही आलं नाही.

बाईंनी ब्लॉगवर स्वतःचं नाव घातलं. मला वाटलं होतं, आता तरी चर्चा लेखातल्या मजकुराकडे वळेल. काही अंशी वळली. पण पारावर आता नवा प्रश्न आहे: बाईंना लिहून कोण देतं?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि नव्या सभागृहाची सर्वसाधारण सभा लागली. बाई दारापर्यंत गेल्या, तर शिपायाने अडवलं: फक्त पत्रकारांना परवानगी आहे. त्यांनी तिथूनच मला फोन केला. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सभा एरवी लोकांसाठी खुली ठेवली आहे, ती बंद करायची तर पीठासीन अधिकाऱ्याने तसं ठरवावं लागतं, एवढा मजकूर मी व्हॉट्सॲपवर पाठवला. बाईंनी तो शिपायाच्या हातात नुसता दिला नाही. आत मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज म्हणून लिहून दिला, त्याची पोच मागितली आणि पोच मिळेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. विषय क्रमांक चार सुरू होण्याआधी त्यांना मागच्या बाकावर जागा मिळाली. चौथा विषय यंदाच्या नालेसफाईच्या टेंडरचा होता.