तुम्ही विचारलंत म्हणून: नेत्यांची जुनी वाक्यं का उकरून काढता?

मी व्यंगचित्रकार, त्यामुळे निवडणूक आली की लोक मला हमखास विचारतात, की माणसाला मत बदलायचा हक्क नाही का, मग जुनं भाषण शोधून त्यावर व्यंगचित्र कशाला?

हक्क आहे ना, शंभर टक्के आहे. मत बदललं आणि का बदललं ते सरळ सांगून टाकलं तर मला काढण्यासारखं फारसं काही उरतच नाही. माझं भांडण आहे ते 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणणाऱ्याशी.

आमच्या नाशिकला हे सगळ्यात जास्त कांद्यात दिसतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, लासलगावच्या कांदा बाजारात लिलाव बंद पाडले शेतकऱ्यांनी, मग ४ मे २०२४ ला बंदी उठली तीसुद्धा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि वर ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून, आणि आपलं लोकसभेचं मतदान होतं २० मे ला! पक्ष कुठलाही घ्या, विरोधात असताना शेतकऱ्याचा भाव आणि सत्तेत गेलं की शहरातल्या गिऱ्हाइकाचं बजेट. अशा वेळी मी दोन चौकटी काढतो, चेहरा तोच, जाकीट तेच, माइक तोच, समोरची गर्दी फक्त वेगळी, एकीकडे भाजीची पिशवी घेतलेल्या बायका आणि दुसरीकडे ट्रॅक्टरवाले. वाक्यं माझी नसतात, त्या नेत्याचीच असतात, खाली गाव आणि तारीख.

आणि वाक्य अर्धं तोडायचं नाही, 'पण' नंतरचं कापलं की ते व्यंगचित्र राहत नाही, खोटारडेपणा होतो.

राज ठाकरेंचंच बघा, ते तर स्वतः व्यंगचित्रकार. २०१४ ला मोदींना पाठिंबा, २०१९ ला 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत मोदींचीच जुनी भाषणं पडद्यावर, २०२४ च्या गुढीपाडव्याला बिनशर्त पाठिंबा. कारणं त्यांनी सांगितलीत, पटोत न पटोत. मी काढलं तर तिन्ही वर्षं काढेन, कारण त्यातलं एक जरी गाळलं तरी बघणाऱ्याला वेगळाच माणूस दिसतो.

नेत्याकडे भाषण लिहून देणारे असतात, व्हिडिओ कापून फिरवणारे असतात, मतदाराकडे आठवण सोडून काय असतं हो? आणि पेपर तर महिन्याच्या महिन्याला रद्दीत जातो. तेव्हा मागच्या निवडणुकीचे जाहीरनामे, पत्रकं घरात पडली असतील तर प्लीज टाकू नका, सिडकोत असा नाहीतर पंचवटीत, मी येऊन घेऊन जाईन.