क्राकूफहून ऑश्वित्झ: पूर्ण दिवस हाताशी ठेवा

पोलंडमधल्या क्राकूफच्या जुन्या शहरात फिरताना जागोजागी टूरच्या पाट्या दिसतात: सकाळी ऑश्वित्झ (नाझींची मृत्युछावणी, आता संग्रहालय), दुपारी व्हिएलिच्काची मिठाची खाण, रात्रीपर्यंत हॉटेलवर परत. ही जोडटूर घेऊ नका. खाण बघायची असेल तर तिच्यासाठी वेगळा दिवस काढा. ऑश्वित्झला सबंध दिवस लागतो, आणि तिथून निघाल्यावर लगेच दुसरं काही बघायला मन तयार नसतं.

मी जर्मनीत इतिहासात मास्टर्स करते. गेल्या सेमिस्टरला होलोकॉस्टवरचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा, कोर्स केला आणि तो संपल्यावर मार्चमध्ये एकटीच पोलंडला गेले. कोल्हापुरात शाळेत असताना हा विषय दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात दोन-तीन वाक्यांत उरकला होता. साठ लाख ज्यू मारले गेले, एवढं पाठ होतं. पण इतकी माणसं मारायला किती कचेऱ्या, किती कारकून, किती रेल्वेची वेळापत्रकं राबली असतील, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, मलाही नाही.

आधी व्यवहाराचं बोलते. प्रवेश फुकट आहे, पण पास लागतो. तो संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा आणि तारीख ठरली की लगेच काढा. इंग्रजी गाईडच्या वेळा पटापट भरतात, उन्हाळ्यात तर फारच. गाईडचे पैसे वेगळे पडतात, ते जरूर द्या. नुसत्या पाट्या वाचत फिरलात तर निम्मं हाती लागत नाही. पासवर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. छोटी पर्स चालते, मोठी सॅक बाहेर सामानघरात ठेवावी लागते. क्राकूफच्या मुख्य स्टेशनला लागूनच बस स्टँड आहे. तिथली बस साधारण दीड तासात थेट संग्रहालयापाशी सोडते. ट्रेननंही जाता येतं, पण ओशव्हिएन्चिम (ऑश्वित्झचं पोलिश नाव) स्टेशनपासून पुढे चालावं लागतं. आवारात खायला परवानगी नाही, तेव्हा नीट खाऊनच निघा. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं संग्रहालयच सुचवतं आणि मला ते पूर्ण पटतं.

स्वागत-इमारतीतून छावणीकडे जाताना काँक्रीटच्या उंच भिंतींमधून एक लांब वाट जाते. भिंती कोऱ्या आहेत. स्पीकरवरून एकामागून एक नावं वाचली जातात, फक्त नावं. इथे गटासोबत घाईनं पुढे जाऊ नका.

ऑश्वित्झ-१ म्हणजे मुळात पोलिश सैन्याच्या विटांच्या बराकी. जून १९४० मध्ये इथे पोलिश राजकीय कैद्यांची पहिली गाडी आली. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा पोचेपर्यंत अंदाजे १३ लाख माणसं या छावण्यांत आणली गेली आणि त्यातली सुमारे ११ लाख मारली गेली. त्यात जवळपास १० लाख ज्यू होते. बाकीचे पोलिश, रोमा, सोव्हिएत युद्धकैदी. ब्लॉक ४ मधल्या कापलेल्या केसांच्या दालनात आणि ब्लॉक ११ च्या तळघरात फोटो काढायला बंदी आहे. बाकी ठिकाणी फ्लॅशशिवाय चालतं, पण माझा सल्ला असा की फोन खिशातच ठेवा.

ब्लॉक ५ मध्ये बहुतेक जण बुटांच्या ढिगापाशी थांबतात. मला भांड्यांपुढून हलता येईना. काचेपलीकडे कल्हईचे नाहीत, एनॅमलचे टोप, मग, किटल्या, झाकणं. निळे, तांबडे, काही ठिकाणी टवके उडालेले. अशी १२ हजारांहून जास्त भांडी संग्रहालयाकडे आहेत. ही माणसं भांडी घेऊन का आली? कारण त्यांना दुसरीकडे वसवणार, तिकडे काम मिळणार, असं सांगितलं होतं. नव्या घरी चूल मांडायची म्हणून कुणीतरी हे टोप निवडून, पुसून बांधून घेतले होते. शेजारी बॅगांचा ढीग आहे. त्यांच्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत नाव, जन्मतारीख, गाव: प्राग, हँबुर्ग. सामान हरवू नये, परत मिळावं, म्हणून.

कोर्समध्ये वाचलेली एक गोष्ट मला इथेच नीट कळली. या माणसांना वाहून नेण्याचं भाडं जर्मन रेल्वे आकारत असे. तिसऱ्या वर्गाचा दर, जाण्याचं एकेरी तिकीट, दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं, चार वर्षांखालच्यांना माफ. कुणीतरी ऑफिसात बसून हा हिशेब केला, बिल पाठवलं, पैसे जमा झाल्याची नोंद केली आणि संध्याकाळी घरी गेला.

ऑश्वित्झ-१ आणि ऑश्वित्झ-२ म्हणजे बिर्केनाऊ, या दोन्ही छावण्यांमध्ये फुकट बस आहे, अंतर तीनेक किलोमीटर. बिर्केनाऊला अंगावर येतं ते तिथलं अफाट मोकळं रान. सावली नाही, आडोसा नाही, वारा बोचरा, पावसात नुसता चिखल. चांगले बूट आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट हवंच. छावणीच्या आत गेलेले रूळ १९४४ च्या वसंतात टाकले, हंगेरीतून येणाऱ्या गाड्यांसाठी. मे ते जुलै या आठेक आठवड्यांत तिथून ४ लाखांहून जास्त ज्यू आणले गेले आणि बहुतेकांना त्याच दिवशी गॅस चेंबरमध्ये मारलं. त्या रुळांवर तोल सावरत फोटो काढणारे लोक आजही दिसतात. आपल्या गटातलं कुणी असं करत असेल तर त्याला थांबवा.

गाईड इथे तासाभरात निरोप घेतो आणि गट बसकडे वळतो. तुम्ही थांबा. रूळ संपतात तिथे स्फोटानं पाडलेल्या क्रेमेटोरियमचे, म्हणजे प्रेतं जाळायच्या भट्ट्यांचे, अवशेष आहेत. तिथून उजवीकडे बरंच चालत गेलं की 'सॉना' नावाची इमारत लागते, तिथे फारसं कुणी जात नाही. आत कैद्यांच्या सामानात सापडलेले घरगुती फोटो लावलेत, सुमारे २४००, बरेचसे बेंजिन आणि सोस्नोव्हिएत्स परिसरातल्या कुटुंबांचे. लग्नं, सहली, दुपट्यातली बाळं, नव्या कोटात ऐटीत उभे तरुण. या माणसांना मी तोवर फक्त कैदी म्हणून पाहिलं होतं. इथे ती आपापल्या घरात दिसली. वेळ कमी असेल तर दुसरं काहीही वगळा, हे नको.

आपल्याकडे 'देशाला एखादा हिटलरच पाहिजे' हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलंय. बोलणाऱ्याला शिस्त हवी असते, वेळेवर धावणाऱ्या गाड्या हव्या असतात. बिर्केनाऊलाही गाड्या वेळापत्रक आखूनच पाठवल्या जात होत्या. १९३३ मध्ये सत्ता मिळाल्यावर काही आठवड्यांतच डाखाऊची छावणी विरोधकांसाठी उघडली, १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व कायद्यानं काढून घेतलं, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी शिस्तीत सही केली. असं वाक्य यापुढे समोर आलं तर मी गप्प बसणार नाही, मग समोर घरातलं वडीलधारं कुणी असलं तरी.

आम्हा कोल्हापूरकरांसाठी एक खुलासा. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवं. पण ते नाझी छावण्यांतून सुटून आलेले नव्हते. सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ती कुटुंबं होती. दोन्ही कहाण्या एकत्र केल्या तर दोन्हींवर अन्याय होतो.

शेवटी क्रमाबद्दल. ऑश्वित्झच्या आधी क्राकूफचा काझिमिएश हा जुना ज्यू भाग बघा. युद्धाआधी शहरात ६० हजारांच्या आसपास ज्यू राहत होते, जवळपास चौथा हिस्सा. त्यांची सिनेगॉग, दुकानं, दफनभूमी डोळ्यांखालून गेली असेल तर छावणीत बॅगांवरची नावं वेगळी वाचली जातात. काझिमिएशहून नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की पॉडगुझे, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीची, घेट्टोची, जागा: रिकाम्या धातूच्या खुर्च्यांचा चौक, कोपऱ्यावर घेट्टोतलं 'गरुडाखालचं औषधालय' (आता छोटं संग्रहालय), आणि थोडं पुढे आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलरच्या कारखान्यातलं संग्रहालय. औषधालय छोटं आहे, सहसा गर्दी नसते. कारखान्याची तिकिटं मात्र ऑश्वित्झच्या पासासोबतच काढून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत.