डफडं ऐकू येतं, घुंगरू नाही

जूनमध्ये तिची आजी तिला अंगणवाडीत घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, पोरगी जराशी मंद हाय. बोलत नाई. बसू द्या कोपऱ्यात, तरास नाई द्यायची." पोर तिथंच आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. तिला नुकतीच तीन वर्षं पूर्ण झाली होती. आईबाप दुसऱ्या जिल्ह्यात कामाला होते, ते पेरणीच्या तोंडावर गावी परतले होते. नाव लिहीत नाही, कारण वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव लहान आहे आणि सगळे सगळ्यांना ओळखतात.

तीन वर्षांच्या लेकरावर असा शिक्का बसला की मला राग येतो. आजीवर नव्हे. तिनं तो कुणाकडून तरी ऐकला होता आणि नातीच्या काळजीनंच मला सांगितला होता. राग येतो तो निकालाच्या घाईचा. नवीन लेकरू आलं की पहिले काही दिवस मी त्याला काहीच विचारत नाही. खेळू देते आणि बघते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, शंख, गोटे, बिया घेऊन बालवाडी चालवली. आम्हाला प्रशिक्षणात ते शिकवलं गेलं, तेव्हा ते स्वस्तातलं शैक्षणिक साहित्य एवढंच वाटलं होतं. खेळणारं लेकरू आपलं सगळं मन उघडून समोर ठेवतं, हे पुढं कामातून कळलं.

तिनं पहिल्याच आठवड्यात बोळक्यात कडुलिंबाची पानं घातली, काडीनं ढवळली, फुंकर मारून गार केली आणि मला चाखायला आणून दिली. मी "तिखट झालं ग" म्हणून तोंड वाकडं केलं. ती खळखळून हसली, परत गेली आणि चिमूटभर माती आणून त्यात टाकली. गूळ असावा. समोर नसलेली भाजी आहे असं समजायचं, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याला काय वाटलं ते ओळखायचं, मग त्यावर उपाय करायचा. बुद्धीचं याहून मोठं काम या वयात कोणतं असतं? झाडावर खार दिसली की ती बोटानं दाखवायची आणि मी बघते की नाही म्हणून लगेच माझ्याकडं वळायची. आपल्याला दिसलेलं दुसऱ्यालाही दिसावं, ही ओढ तिच्यात भरपूर होती. मंद तर ती नव्हतीच.

तरी बोलणं मागंच होतं. दोन वर्षांचं लेकरू "माय, पानी दे" असे शब्द जोडू लागतं, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं करतं आणि परक्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळतं. हिच्याकडं मोजके शब्द होते, तेही शेवट गळालेले. 'भात' म्हणायचं तर "भा". माझ्या मनात कानाची शंका होती, पण आमच्या खोलीत एवढा गलका असतो की तिथं काही ताडून पाहता येत नव्हतं.

मग पोळा आला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. लेकरं चाकाचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत मिरवतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, घेतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. शेतकऱ्याच्या घरचा एवढा मोठा सण लेकरांच्या उंचीवर आणून ठेवणारा माणूस मला फार शहाणा वाटतो. त्या दिवशी लेकरू घरधनी असतं. बैल त्याचा, झूल त्याची, मानही त्याचाच.

सकाळी आम्ही अंगणवाडीत बैल सजवत होतो. ती बेगड चिकटवण्यात गढली होती. जीभ ओठावर, बोटांना खळ. बैलांच्या गळ्यात बांधायचे घुंगरू मी आतून घेऊन आले, ते लेकरांच्या पाठीमागून. सगळी पोरं एकदम वळली. "बाई, मले! बाई, मले!" ती वळली नाही. तिच्या शेजारचा पोरगा उठला, त्याचा धक्का लागला, तेव्हा तिनं मान वर केली. आधी त्याच्याकडं बघितलं, मग तो जिकडं बघतो तिकडं.

बाकीची पोरं मदतनीस ताईंनी बाहेर नेली. ती बेगडाशीच होती. मी तिच्या मागं हातभर अंतरावर बसले, माझी सावली तिच्यापुढं पडणार नाही आणि वारा लागणार नाही अशी. हळूच घुंगरू वाजवलं. काही नाही. दुसऱ्या कानाकडून वाजवलं. हलक्या आवाजात नावानं हाक मारली. ती बेगडावर नख फिरवत राहिली. जरा मोठ्यानं हाक मारली तेव्हा चटकन वळून हसली.

दुपारी मारुतीच्या देवळापुढं बैल रांगेत लागले. मोठ्यांनी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या आणि "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" झालं की पोरांचे हात वर जायचे. तिचाही जायचा, पण शेजारच्याचा हात वर गेल्यावर. दरवेळी तेवढाच उशीर. ती सगळं डोळ्यांनी गोळा करत होती, आणि तेही इतकं हुशारीनं की घरच्यांना पत्ता लागला नव्हता. त्या गर्दीत सगळ्यात आनंदानं बैल ओढणारं लेकरू तीच होती, हेही सांगायलाच हवं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजी तडकलीच. "कायले घाबरवून राह्यल्या बाई पोरीच्या मायले? डफडं वाजलं का सगळ्यायच्या आधी बाहीर पळते ते. बहिरी कशी म्हनता?" आजीचा मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, "आजी, डफडं ऐकू येतं, घुंगरू नाही येत. बोलण्यातले बारीक आवाज घुंगरासारखेच असतात. ते तिच्यापर्यंत पोचतच नसतील, तर ती बोलेल कशी?"

आईला सर्दीबद्दल विचारलं. "सर्दी तं बारा महिने राह्यते. मागच्या पावसाळ्यात कान बी वाहला होता. कोमट तेल टाकत होतो." तेल त्या दिवसापासून बंद करायला सांगितलं. पडद्याला भोक असेल तर तेलानं नुकसान होतं, आणि पडद्यामागं पाणी असेल तर ते तिथवर जातच नाही. लहान मुलांत नाकाच्या मागून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळं सर्दी कानात लवकर उतरते. घरातल्या चुलीचा धूर त्यात भर घालतो. पाणी साचलं की पडदा नीट हलत नाही. मोठा आवाज पोचतो, बारीक आवाज अडतो. कान थोडा बंद, थोडा उघडा, म्हणून घरच्यांना वाटतं की पोर हट्टी आहे, लक्ष देत नाही.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. आमची पाळी यायची होती, पण मी थांबले नाही, फोन केला. पथकातल्या डॉक्टरबाईंनी कान बघून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथं निघालं ते हेच. दोन्ही कानांच्या पडद्यांमागं पाणी. बऱ्याच मुलांत ते आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलं.

ते तीन महिने भरले ऐन कापूस वेचणीत. बाप म्हणाला, "वेचा होऊ द्या, मंग पाहू." त्यालाही दोष देता येत नाही. वेचणीचे दिवस बुडाले तर उधारी कशी फेडायची? मी आईला रजिस्टर दाखवून समजावत होते, तेवढ्यात आजी उठली आणि म्हणाली, "मी नेतो. माह्या हातानं काय वेचनं होते आता?" आणि गेली, नातीला कडेवर घेऊन, एसटीनं. पाणी ओसरलं नव्हतं. छोटी शस्त्रक्रिया झाली, पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. खर्च कार्यक्रमातून झाला.

कान उघडले म्हणजे बोलणं दुसऱ्या दिवशी येत नाही. जे शब्द आतापर्यंत पोचलेच नव्हते ते पहिल्यापासून ऐकायचे असतात. घरच्यांना मी एवढंच सांगितलं, की तिच्या तोंडासमोर बसून बोला, जे करता ते बोलून दाखवा आणि विचारल्यावर उत्तरासाठी थांबा. थांबणं मोठ्या माणसांना सगळ्यात जड जातं. आजी मात्र त्यात तरबेज निघाली. भाकरी थापताना "पीठ घेतलं, आता काय करू?" असं विचारून ती हात तसाच धरून बसायची, पोर काही म्हणेपर्यंत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंगणवाडीत बोळक्यांवरून भांडण झालं. एका पोरानं तिच्या हातातलं ओढलं आणि ती त्याच्यावर ओरडली, "नाई देत! मायं हाय ते!" मदतनीस ताई सोडवायला धावल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. तिला आणखी बोलायचं होतं. "तू काल घेतलं," ती म्हणाली, "आता मी." पोरगा गप्प झाला आणि त्यानं बोळकं सोडलं.

'स' अजून नीट येत नाही, 'साखर'ची 'ताखर' होते. पुढच्या महिन्यात कानांची फेरतपासणी आहे. तिच्या धाकट्या भावालाही आई त्याच गाडीनं घेऊन जाणार आहे, कारण त्यालाही सर्दी सुटत नाही.