टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसलो

आमची जुनी हॅचबॅक अकरा वर्षांची झाली तरी ती बदलायचं माझ्या डोक्यात नव्हतं. पण २०२५ च्या मे महिन्यात गुहागरहून पुण्याला परत येताना कुंभार्ली घाटात पाच माणसं, डिकीत नारळाचं पोतं, बायकोच्या पायाशी कोकमाचे डबे आणि फणसाचा वास, अशा अवस्थेत एसी बंद केल्याशिवाय गाडी चढेनाच. वर कोयनानगरला चहाला थांबलो तर आईला मागच्या सीटवरून उठताच येईना. गुडघे आखडले होते. मी एका हाताला, बायको दुसऱ्या हाताला, असं करून तिला बाहेर काढलं. चहा पिताना ती म्हणाली, "मलाच घरी ठेवत जा रे, गाडी कशाला बदलतोस." झालं, त्याच दिवशी ठरलं.

मग दोन महिने यूट्यूब. शून्य ते शंभर किती सेकंदात, स्क्रीन किती इंचाची, अँबियंट लाइटचे रंग किती. मेव्हणा पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, "ह्युंदाईची क्रेटा घे आणि मोकळा हो, सगळे घेतात ते काय वेडे आहेत का." ऑफिसातला एकजण म्हणाला मारुतीची ब्रेझा घे, चार मीटरच्या आत आहे, आता जीएसटी १८ टक्के झालाय. त्याला सांगितलं बाबा, चार मीटरच्या आत असून भागत नाही, पेट्रोल इंजिनही १२०० सीसीच्या आत लागतं, ब्रेझाचं १४६२ आहे, म्हणजे ती ४० टक्क्यांतच. तो गुगल करून आला आणि गप्प बसला.

टॅक्सवरून आठवलं, मला आधी कोडं पडायचं की या सेगमेंटमधली, म्हणजे मी बघत होतो त्या मध्यम एसयूव्हींची, सगळी इंजिनं १४९०, १४९३, १४९७, १४९८ सीसी अशी काठावर का असतात. कारण सोपं आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी चार मीटरहून लांब गाडीला इंजिन १५०० सीसीच्या आत असेल तर २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के सेस असे ४५ लागायचे, त्यावरचं इंजिन असलेल्या उंच एसयूव्हीला ५०. आता सगळ्यांना सरसकट ४०. म्हणजे हॅरिअर, एक्सयूव्ही ७०० वाल्यांचा फायदा आपल्यापेक्षा जास्त झाला, पण त्या गाड्या आमच्या पार्किंगमध्ये बसत नाहीत त्यामुळे तो विषय संपला.

तर पार्किंग. आमच्या सोसायटीत माझी जागा दोन खांबांच्या मध्ये आहे, टेप लावून मोजली, आठ फूट, म्हणजे साधारण २४४ सेंटीमीटर. क्रेटा आणि होंडाची एलिव्हेट १७९ सेंटीमीटर रुंद, मारुतीची ग्रँड विटारा १७९.५, कियाची तेव्हाची सेल्टॉस १८०, स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन १७६. डावीकडे खांबाला खेटून लावली की उजवीकडे अर्धा मीटर उरतो, त्यातून मी पोट आत घेऊन बाहेर पडू शकतो, बाकीच्यांना आधीच लिफ्टपाशी उतरवायचं. कुशाकचे ते तीन-चार सेंटीमीटर पार्किंगमध्ये सुख देतात आणि मागच्या सीटवर दुःख, हे नंतर कळलं.

कसं कळलं ते सांगतो. पहिल्या शोरूममध्ये मी नेहमीसारखा ड्रायव्हर सीटवर बसलो, सिंहगड रोडला एक चक्कर मारली, उतरलो आणि म्हटलं वा काय गाडी आहे. दुसऱ्या शोरूममध्ये पण तेच. तिसऱ्या गाडीलाही जेव्हा मी वा म्हटलं तेव्हा बायको म्हणाली, अकरा वर्षं जुनी गाडी चालवणाऱ्याला काहीही दिलं तरी वाच वाटणार. बरोबर होतं. मग आम्ही पद्धत बदलली. ती चालवणार, मी मागे मधल्या सीटवर, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला धाकटीची चाइल्ड सीट (हो, घरून घेऊन गेलो होतो, आयसोफिक्सला, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या हुकांना, लावून बघायला), थोरला पुढे. सेल्सवाल्या पोराला कळेना की हे कुटुंब गाडी घ्यायला आलंय की घर शिफ्ट करायला.

कुशाक मला सगळ्यात जास्त आवडली होती हे आधीच सांगून टाकतो. दीड लिटर टर्बो, १५० पीएस, हायवेला नुसता पाय ठेवला की पळते, आणि २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेच्या नव्या कडक नियमांखाली मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे ५ स्टार मिळालेली. व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) चांगला २६५१ मिलिमीटर, त्यामुळे गुडघ्याला जागा भरपूर. पण चाइल्ड सीट आणि आई यांच्यामध्ये मी बसलो आणि माझा खांदा आईच्या खांद्यावर चढला. चौघांची गाडी आहे ती. चौघं असाल तर बाकी काही बघू नका, सरळ घ्या. आम्ही पाच आहोत. मन मारलं.

क्रेटा मागे खरंच ऐसपैस आहे. पाठ मागे रेलते, खिडक्या मोठ्या, आणि वर तो पॅनोरामिक सनरूफ, जो बघून दोन्ही पोरं बुकिंग झाल्यासारखी नाचायला लागली. आमच्याकडे उन्हाळ्यात ते काचेचं छत उघडणार कोण हा प्रश्न मी विचारला, कुणी ऐकला नाही. डिकी ४३३ लिटर. तेव्हाची सेल्टॉस आतून तिचीच बहीण, व्हीलबेस तोच, डिकी तेवढीच, त्यामुळे तिच्यावर वेगळं लिहीत नाही. या दोघींत डिझेल मिळतं, २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, घाटात मजा. पण आमचं वर्षाचं रनिंग ९००० किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त घर-शाळा-मंडई. बीएस सिक्स, म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळवावी लागते, तीन किलोमीटरच्या चकरांनी तो तुंबतो. शिवाय महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, डिझेलला १४. १६ लाखांच्या गाडीवर सरळ ३२ हजार जास्त. (काका म्हणाले डिझेल दहा वर्षांनी बंद करतात. काका, तो नियम दिल्लीकडचा होता.)

ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, म्हणजे हायब्रिड, पेट्रोलबरोबर बॅटरीवरही चालणारी. याच्यावर मी अख्खा रविवार एक्सेल शीट घेऊन बसलो होतो. कागदावरचं मायलेज लिटरला २७.९७, ते सोडा, शहरात २० धरलं. साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकला १२ धरलं. ९००० किलोमीटरला एकीकडे ४५० लिटर, दुसरीकडे ७५०. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला ३१ हजार वाचतात. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये दोन गाड्यांतला फरक साधारण ३ लाखांचा होता, म्हणजे पैसे वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. वर्षाला वीस हजार किलोमीटर शहरातच पळणाऱ्याने डोळे झाकून हायब्रिड घ्यावी, सिग्नलला इंजिन बंद होऊन गाडी गुपचूप बॅटरीवर सरकते ते सुख वेगळंच आहे. पण आमची गाडी अडली डिकीवर. बॅटरी मागे असते, त्यामुळे साध्या मॉडेलला ३७३ लिटर असलेली डिकी हायब्रिडमध्ये बरीच कमी होते. मी डिकी उघडली आणि मनातल्या मनात त्यात नारळाचं पोतं ठेवून बघितलं. बायकोनेही तेच केलं असणार कारण आम्ही दोघं एकदमच हसलो. मारुतीची व्हिक्टोरिस तेव्हा नुकतीच आली होती, सीएनजीची टाकी गाडीच्या खाली बसवली आहे ही त्यातली खरी हुशारी, पण तोवर माझी सहनशक्ती संपली होती.

एलिव्हेटला मी लिस्टमध्ये सगळ्यात शेवटी टाकलं होतं. टर्बो नाही, डिझेल नाही, हायब्रिड नाही, पॅनोरामिक नाही, एक साधं १२१ पीएसचं पेट्रोल इंजिन आणि सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअर. तिथे आईने आपला कार्यक्रम केला. ती आधी प्रत्येक गाडीपाशी पाठ करून उभी राहायची आणि सीट कुठे लागते ते बघायची. फार खाली असेल तर उठताना गुडघा ओरडतो, फार वर असेल तर आधी पाय उचलून चढावं लागतं, तेही जमत नाही (एकाची स्कॉर्पिओ-एन आली होती सोसायटीत, तिला आईने लांबूनच नमस्कार केला). कमरेच्या जरा खाली सीट लागली की ती बसून दोन्ही पाय आत फिरवते, बास. एलिव्हेटमध्ये ती कुणाचा हात न धरता बसली, उतरली, परत बसली. सेल्सवाला एडीएएसबद्दल, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या कॅमेऱ्याच्या यंत्रणेबद्दल, बोलत होता, आमच्यातलं कुणी ऐकत नव्हतं.

डिकी ४५८ लिटर, या सगळ्यांत जास्त. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, २२० मिलिमीटर, आमच्या रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरांना पुरून उरेल. तोटा पण आहे. सीव्हीटीचा स्वभाव असा की घाटात जोरात पाय दाबला की आधी इंजिन गाणं म्हणतं आणि मग गाडी निघते. हळू दाबला तर अगदी लोण्यासारखी. मी हळू दाबायला शिकतोय. पुढच्या गाडीवर आदळायच्या आधी स्वतः ब्रेक मारणारी सिस्टिम हवी म्हणून झेडएक्स हे वरचं मॉडेल घेतलं, नाहीतर खालचं मॉडेल पण चाललं असतं.

किमतीच्या भानगडीबद्दल एवढंच की कोटेशनचा कागद घरी आणा आणि ओळ न् ओळ वाचा. एका शोरूमने (कुठलं ते जाऊ दे) हँडलिंगचे पैसे लावले होते, वर एक किट, ज्यात मॅट, परफ्यूम आणि कार कव्हर. दोन्ही काढा म्हटल्यावर लगेच निघालं, म्हणजे मुळात कशाला होतं. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, मी तीन ठिकाणचे आकडे दाखवले तर त्यांनी स्वतःचाच आकडा खाली आणला. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, तो रिटर्न भरताना मिळतो, सर्टिफिकेट मागून घ्या.

दिवाळीच्या पाडव्याला गाडी घरी आली. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, पेढे. वॉचमनने विचारलं, "क्रेटा का साहेब?" मेव्हणा शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिली चक्कर सारसबागेच्या गणपतीपर्यंत. आई आपली आपण मागे बसली, दार ओढून घेतलं, नातवाला म्हणाली जरा सरक तिकडे, आणि मला म्हणाली, "एसी कमी कर, थंडी वाजतीये."