दोन रेघा

मी मोडी वाचतो. बेळगावात, शहापूरला, घरीच. लोकांना वाटतं इतिहास संशोधनाचं काम असेल, पण निम्म्याहून जास्त काम कोर्टाचं असतं. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळं पणजोबांचे कागद मोडीत, आणि त्यावरून भांडणारी पतवंडं कन्नड चालणाऱ्या कोर्टात. मी मोडीचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, करतो, त्याचं कन्नड दुसरा कोणीतरी करतो. कागद तीस वर्षांहून जुना असला की त्यावरची सही आणि अक्षर कोर्ट खरं धरू शकतं. माझं वाचन मात्र तसं धरत नाहीत. समोरच्या वकिलानं हरकत घेतली की मला साक्षीला जावं लागतं.

आक्कांचा कागद माझ्याकडं २०१६ साली आला. दावा २००९ चा, वाटणीचा. कागद शके १८५० च्या माघातला, म्हणजे १९२९ ची घरगुती यादी. सगळं भांडण एका शेताच्या हिश्श्यावर. जुन्या कागदांत हिस्सा आण्यांत असतो: एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ. आक्कांच्या वडिलांच्या नावापुढं दोन रेघा होत्या, पण कागदाची घडी नेमकी दुसरीच्या अंगावरून गेलेली. समोरचे म्हणत होते, ती रेघ नव्हे, घडीचा मळ. बाकीचे हिस्से मिळवून सोळा आणे जमतात का बघावं, तर ती ओळ कसरीनं खाल्लेली.

त्या एका रेघेवर मी दोन दिवस घालवले. घडीचा मळ कागदाच्या पाठीवरही उमटतो, ही रेघ पाठीवर नव्हती. बोरू टेकतो तिथं रेघ जाड येते आणि सुटताना निमुळती होते, मळ असा निमुळता होत नाही. काजळाची शाई कागदात मुरत नाही, वर बसते, म्हणून बॅटरी आडवी धरली की चकाकते. चकाकली. मी ‘॥’ लिहिलं, खाली सही केली. फोटो काढायचं सुचलं नाही. झेरॉक्स होती, पण झेरॉक्सला घडी आणि शाई दोन्ही काळीच.

समन्स आलं २०१८ ला. त्यानंतर त्या तालुक्याच्या कोर्टात मी अकरा वेळा गेलो. साहेब रजेवर. साहेबांची बदली. वकिलांचा बहिष्कार. प्रतिवादी वारला, त्याचे वारस लावायचे. ते लागेपर्यंत त्याचा भाऊ वारला. मग कोरोना. सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, हे मी एकदा आक्कांच्या वकिलांना म्हणालो. ते हसले. “मास्तर, बेळगावच्याच कोर्टात १९९२ ला लागलेला एका लेकीचा वाटणीचा दावा सुप्रीम कोर्टानं २०१५ ला परत हायकोर्टात पाठवला. आपला अजून लहान आहे.” माणूस हुशार आहे, पण मुदतीचे चार अर्ज त्यांचेही होते. मी मोजलेत. बाकावरचा एक म्हातारा तर म्हणाला, “सीमेचाच दावा २००४ पासनं दिल्लीत पडलाय, तुमचं शेत काय घेऊन बसलासा!”

आक्का प्रत्येक तारखेला माझ्यासाठीही भाकरी बांधून आणायच्या.

गेल्या नोव्हेंबरात एकदाचा माझा पुकारा झाला. शपथ झाली. लिपिकानं फाइलीतनं लखोटा काढला, कागद टेबलावर ठेवला, आणि त्याचे दोन तुकडे झाले. इतकी वर्षं दर तारखेला फाइल सोडायची, बांधायची, कपाटात कोंबायची. घडी झिजत झिजत तुटलेली. पहिली रेघ शाबूत होती. दुसरीच्या जागी काहीच नव्हतं. लखोटा उपडा केल्यावर तळाचा भुगा पडला.

“आज दुसरी रेघ दाखवता येईल?” समोरच्या वकिलांनी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे आठवणीवर सांगताय.”

“तेव्हा वाचून लिहून दिलंय.”

टायपिस्टनं ‘एरडु सालु’ असं उतरवलं. सालु म्हणजे लिहिलेली ओळ. दोन ओळी आणि दोन रेघा यांत शेताएवढा फरक. मी म्हणालो, “साहेब, सालु नव्हे, गेरे.” साहेबांनी लगेच दुरुस्त करून घेतलं. नीट ऐकणारा माणूस. त्या खुर्चीवर येऊन त्यांना चार महिने झाले होते. लिपिकानं तो भुगा कागदाच्या पुडीत बांधला, वर निशाणी क्रमांक घातला आणि पुडी फाइलीला टाचली.

बाहेर आक्कांनी विचारलं, “मास्तर, दोन हुत्या न्हवं?”

“दोन.”

“खरं आता एकच हाय म्हणतात की वो.”

हल्ली कागद आला की घडी उलगडायच्या आधी मी फोटो काढतो, मग बॅटरी आडवी धरून पुन्हा काढतो. २०१६ ची वही नोव्हेंबरपासून टेबलावरच आहे. त्यात ‘॥’ आहे, माझ्याच अक्षरात, ठळक. बॅटरीखाली ती रेघ चकाकली होती हे मला आठवतं, की वहीत बघून बघून तसं आठवायला लागलंय, हे आता मला सांगता येत नाही. आक्कांना मी हे बोललेलो नाही.